एकविसाव्या किलोमीटरला थांबावे

मी, सामात अब्दिकादिर-उलू, वय तेवीस, राहणार गुल्चा, नदीकाठची गल्ली, शिक्षण नववीपर्यंत, धंदा ट्रकवर माल बांधणे (शिकाऊ), हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ताळ्यावर आहे. ताप नाही, सकाळीच मोजला. दारू मी पीत नाही. कोणी धाक दाखवून हे लिहून घेतलेले नाही. उलट, असले काही लिहू नकोस असेच सगळे म्हणाले. जिथे खाडाखोड झाली आहे तिथे शेजारी सही केली आहे.

उद्या सकाळी उस्ताद एर्गेश यांच्या बिनफाळक्याच्या ट्रकवरून विजेचे बारा सिमेंटचे खांब घेऊन आम्ही दोघे ताल्डिक घाट चढणार आहोत. ते खांब पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकट्याने बांधले आहेत. मृत्युपत्र लिहिण्याचे कारण एवढेच. ज्यांना ते पुरेसे वाटत नाही त्यांनी कलम चार वाचावे.

कलम एक. घर आईचे आहे आणि आईचेच राहील. माझ्याकडे फक्त मागची खोली आहे. ती बहीण बुरुल हिला द्यावी. खोलीच्या दाराची वरची बिजागरी सैल आहे. ती मी या आठवड्यात बसवणार होतो. स्क्रू खिडकीत काडेपेटीत ठेवले आहेत.

कलम दोन. माझ्या नावावर जे काही साठले आहे ते बुरुलने मोठी गाडी चालवण्याचा परवाना काढण्यासाठी वापरावे. दुसऱ्या कशासाठीही नाही, माझ्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी तर मुळीच नाही. चाळिसाव्याला घोडा कापू नये. मेंढी पुरे. चुलते आग्रह करतील. त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम तीन. माझी हत्यारे: रॅचेटचे अकरा पट्टे (नववा कडेला उसवला आहे, तो वापरू नये, पण फेकूही नये, मोजमापाला चालतो), दोन साखळ्या, अक्रोडाच्या लाकडाच्या चोवीस पाचरी, जुन्या टायरचे कापलेले तुकडे, कातडी हातमोजे आणि त्रेसष्ट फेऱ्यांच्या आकृत्यांची वही. हे सर्व बुरुलला. ती माझ्यापेक्षा चांगले बांधते. दर जूनला वरच्या कुरणावर जाताना आमचा तंबू ट्रकवर तीच बांधते, आणि वाटेत आजवर एक किटलीसुद्धा पडलेली नाही. एकदा मी उस्तादांना म्हणालो, हिलाही शिकवा. ते म्हणाले, "पोरगी ट्रकवर चढली की खाली उभे असलेले लोक माल बघतील का तिला?" बुरुल तिथेच उभी होती. ती म्हणाली, "तुमचा माल बघण्यासारखा असता तर मालच बघितला असता." त्या दिवसापासून उस्ताद तिच्या हातचा चहा घेत नाहीत. तोटा त्यांचाच आहे.

कलम चार. मे महिन्यात आम्ही लोखंडी पाइप घेऊन हाच घाट चढलो. माल मी बांधला होता, उस्तादांनी वरून दोन पट्टे वाढवले होते. आमच्या ट्रकच्या आवाराची रीत अशी की ट्रक निघताना फाटकात सादिर बाबा हात पसरून दुवा देतात, सगळे तोंडावरून हात फिरवतात, आणि त्यानंतर मालाला कोणी हात लावायचा नाही. लावला तर बाबांच्या दुव्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते. बाबा स्वतः तीस वर्षे हा घाट चढले आहेत.

पण पहिल्या वीस किलोमीटरमध्ये माल खाली बसतो. सगळाच बसतो. तो बसला की पट्टा सैल होतो, हे मी वहीत सात वेळा लिहिले आहे. म्हणून एकविसाव्या किलोमीटरला, लाकडी पुलाआधी, मी म्हणालो, "उस्ताद, जरा थांबवा. पट्टे बघून येतो."

"बाबांनी दुवा दिला ना?"

"दिला."

"मग त्यांच्या मागून तू तपासणार? नववीतून पळालेला?"

"पळालो नाही. वडील वारले म्हणून सोडली."

"बरं, सोडलीस. बोरसोक खा आणि गप बस."

मी ते तळलेले बोरसोक खाल्ले. माझी चूक इथेही आहे. नवव्या वळणावर एक पाइप मागून निसटला आणि खालच्या उतारावर चरणाऱ्या घोडीच्या पायावर गेला. घोडी मारावी लागली. तिचे शिंगरू तिथून हलेना.

त्या संध्याकाळी उस्तादांनी सगळ्यांना सांगितले की सामातची गाठ सुटली. तेव्हापासून गुल्च्यात जे काही सैल असते ते माझ्या नावावर जमा होते. कोणाच्या बुटाची नाडी सुटली की, "सामातने बांधली का रे?" ऑगस्टमध्ये एका लग्नात नवऱ्या मुलाची विजार घसरली तेव्हा सगळा मांडव माझ्याकडे वळून हसला. मी कोपऱ्यात कलिंगड खात होतो.

आता जे पाच महिने कोणालाही सांगितले नाही ते लिहितो. गाठ सुटली नव्हती. पट्टा तुटला नव्हता. पाइपांखाली मी आईने दिलेला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा पसरला होता. आमच्याकडे तंबू, पेट्या, भांडी, सगळे नमद्यावरच बांधतात, म्हणून मला वाटले, पाइपही तसेच. पण भांडी हलकी असतात. लोखंडाखाली नमदा दबत दबत पोळीएवढा पातळ झाला आणि वरचे सगळे पट्टे सैल पडले. माल उतरवताना मी तो पाहिला, घडी करून सीटखाली सरकवला. खरे बोललो असतो तर गाठीवरचा डाग गेला असता आणि आईच्या नमद्यावर आला असता. आई, नमदा चांगला आहे. जागा चुकीची होती.

माझ्या वाट्याचे या वर्षीचे सगळे गवत त्या घोडीच्या मालकाला, शिंगरासाठी द्यावे. हे मी मेलो नाही तरी द्यायचे आहे.

कलम पाच. उस्तादांना मी काहीही देत नाही. एक कारण, साक्षीदाराला वाटा मिळता कामा नये असे पंचायतीचा कारकून म्हणाला, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे. दुसरे कारण त्यांना माहीत आहे. दोन वर्षांत त्यांनी मला शिकवले ते असे: माल बांधून झाला की चढायचे, लाथ मारायची, माल हलला तर सगळे पट्टे सोडून टाकायचे आणि चहाला जायचे.

"काय चुकलं, उस्ताद?"

"हललं."

"कुठे?"

"लाथ मारली तिथे."

असे मी चौतीस वेळा पुन्हा बांधले आहे. एकदाही त्यांनी कारण सांगितले नाही. मला आता असेही वाटते की त्यांना ते सांगता येत नसावे, फक्त पायाला कळत असावे. पण मला पायाने शिकता येत नाही. मला लिहून घ्यावे लागते.

उद्याचा माल: जाड टोक, बारीक टोक, जाड टोक असे आलटून पालटून खांब. खाली टायरचे तुकडे. नमदा नाही. दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या आहेत. दहा पट्टे, एकालाही पीळ नाही. एवढे करूनही माल बसणारच. माझी मागणी एकच आहे, आणि हे सगळे पत्र त्या एका मागणीसाठी आहे: एकविसाव्या किलोमीटरला थांबावे. पाच मिनिटे. घाटाखाली माणसे राहतात.

कलम सहा. माझे शरीर ट्रकवरून आणावे लागले तर खाली नमदा टाकू नये.

कलम सात. (हे कलम दुपारी वाढवले आहे.) साक्षीसाठी आधी सादिर बाबांकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचायला लावले. चहा थंड झाला.

"मे महिन्यात दुवा मी दिला होता," ते म्हणाले. "म्हणजे ती घोडी माझ्या दुव्याखाली मेली."

"नमद्यामुळे मेली, बाबा."

"नमदा तुझा, दुवा माझा. अर्धी अर्धी घेऊ." मग दाढी ओढली. "दुवा फाटकातच द्यायचा असं तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही नेहमी फाटकातच देता."

"कारण त्याच्या पुढे मला कोणी नेत नाही, मूर्खा. उद्या मी पुलापर्यंत येतो. तू तुझे पट्टे आवळ. आवळून झाले की दुवा देतो. मग कोण काय बोलतो बघू."

त्यांना पुलावरून परत आणण्याचे बुरुलने कबूल केले आहे. बाबांनी खिडकीकडची जागा मागितली आहे, आणि उशी.

नंतर उस्तादांकडे गेलो. ते आवारात उभ्याने वाचू लागले. स्वतःबद्दलचा भाग मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"‘फक्त पायाला कळत असावे.’ वा! मेल्यावर माझी बदनामी करून जाणार तू. आणि म्हाताऱ्यालाही फितवलंस?"

"सही करायची नसेल तर करू नका, उस्ताद."

"करत नाही म्हणालो का?"

मग मागे कलम चारवर येऊन ते थांबले. पुढे मनातल्या मनात वाचले. मग कागद माझ्या हातात न देता ट्रककडे गेले आणि मागच्या बाजूने वर चढले. मी फाटकापाशीच उभा राहिलो, बघवेना. आवाज मात्र ऐकले, नऊ. खाली उतरून त्यांनी चाकावर कागद ठेवला आणि लिहिले. त्यांनी लिहिलेले मी खोडलेले नाही.

वरील सर्व माझे आहे आणि मी ते पुन्हा एकदा वाचले आहे.

गुल्चा, ९ ऑक्टोबर २०१८
(सही) सामात अब्दिकादिर-उलू

साक्षीदार:
सादिर मामितोव, वय ७९, निवृत्त चालक. पोरगा शुद्धीवर आहे. जरुरीपेक्षा जास्त.

एर्गेश तोरोबाएव, चालक. सगळीकडून लाथ मारली. हललं नाही. तरी थांबतो. नमद्याचं आधी सांगायचं होतंस, गाढवा.