नानांना डसली ती कोणती?

११ ऑक्टो., शनि. नांदेड
विनय लातूरहून आला (नोकरीमुळे तिथेच खोली घेऊन राहतो), तिथल्या अॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटून. त्यांनी एकच विचारलं म्हणे : "वडिलांना डसलं काय? मधमाशी की गांधीलमाशी? आणि गांधीलमाशी असेल तर कसली? त्यावर कोणती लस द्यायची ते ठरेल." गेल्या वर्षी नाना, माझे सासरे, गच्चीवर कोसळले, ओठ सुजले, श्वास मिळेना. तेव्हा माशीकडे कोण बघतंय!

नानांना विचारलं. "मोठी होती. लाल होती. अन् आग तर लई." बस, एवढंच. तेव्हापासून गच्ची बंद, खिडक्या बंद. नाना दिवसभर आतल्या खोलीत, उशाशी अॅलर्जीचं तातडीचं इंजेक्शन. विनय म्हणतो, फवारणीवाल्याला बोलाव, विषय संपव. म्हटलं, कोणाला मारायचं ते तर कळू दे. सुट्टी लागतेच आहे. नववीला कीटक शिकवते, घरातला एक ओळखता येऊ नये?

१६ ऑक्टो.
पहिली सापडली! ट्यूबलाइटच्या पट्टीवर मातीची चिमुकली सुगडी. मालकीण काळी-नारिंगी, कंबर दोऱ्याएवढी, तोंडात हिरवी अळी. नाना पलंगावरून ओरडले, "अनू, मागं सर!" मग स्वतःच चष्मा शोधून लांबून बघितलं. "अगं, ही तर कुंभारीण. ही कशाला डसते." लाल नाहीच. बाद.

१७ ऑक्टो.
जिन्याच्या वाशात भोक, खाली भुसा. भला मोठा काळा भुंगा, पंखांवर निळी झाक, आवाज मोटारीसारखा. दचकले, पण हाही बाद. विनयचा फोन : "बोलावलं का?" चकलीच्या पिठात हात आहेत म्हणून ठेवून दिला. (नव्हते.)

१९ ऑक्टो.
आज जे पाहिलं ते…

चिवडा करपला. करपू दे.

गच्चीवरच्या टाकीच्या स्लॅबखाली कागदासारखं पोळं, त्यावर बारक्या गांधीलमाश्या. जिन्याच्या दाराला काच आहे, तिथून बघत होते. अचानक एक दांडगी आली. माझ्या अंगठ्याएवढी, काळीभोर, पोटावर एकच पिवळा पट्टा. थेट पोळ्यावर! बारक्या आपल्या बाजूला सरकल्या, काही उडून गेल्या. हिने एकेक घर उघडून अळी ओढली, चावून गोळा केला, गेली. पुन्हा आली. दिवसाढवळ्या दरोडा!

मी ओरडले असेन. मागे बघते तर नाना. भिंतीला धरत जिना चढून आलेले, वर्षभरात पहिल्यांदा. काचेला नाक लावून म्हणतात, "सरक ना जरा."

बराच वेळ बघून : "ही न्हाई. ही काळी हाय. ती विटेवानी लाल होती. तोंड पिवळं… हाव, तोंड पिवळं होतं. मनगटावरच तर बसली होती." वर्षभर आठवत नव्हतं ते आज आठवलं. दोघांनी करपलेला चिवडा खाल्ला.

२१ ऑक्टो.
शेजारच्या रेहानाआपा फराळाला आल्या. नानांनीच सगळी कथा सांगितली, दरोड्यासकट, हातवारे करत. आपा खाता खाता थांबल्या. "विटेसारख्या लाल? पिवळ्या तोंडाच्या? अहो काका, आमच्या भाईच्या मटणाच्या दुकानात रोज येऊन राहिल्या त्या! तुकडे तोडून नेतात."

मी म्हटलं, उद्याच. माळकऱ्याची लेक मटणाच्या दुकानात! आई असती तर…

२२ ऑक्टो.
मिळाली. मिळाली!!

आपा सोबत होत्या. भाई म्हणाले, "मॅडम, हात हलवू नका. गुमान उभ्या रहा, काही करत न्हाईत." एक माझ्या बाहीवर उतरली. श्वास धरून उभी. लालसर तपकिरी, तोंड पिवळं, पोटावर रुंद पिवळा पट्टा. उडाली, ओंडक्यावर बसली, तेव्हा कुठे फोटो काढला. बरा आलाय. कीटकप्रेमींच्या ग्रुपवर टाकला, घरी पोचेपर्यंत उत्तर हजर : ओरिएंटल हॉर्नेट, गांधीलमाशीचीच एक मोठी जात.

नानांना तो फोटो एकटा दाखवला नाही. मधमाशी, टाकीखालच्या दोन्ही, कुंभारीण, असे सगळे मिसळून. एकेक बाजूला सारत गेले. या फोटोवर बोट थांबलं. मग मनगट चोळत म्हणाले, "हीच गं."

मला नाचावंसं वाटत होतं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. पाणी दिलं.

२५ ऑक्टो.
विनय आला. फोटो बघितला, आधी मलाच रागावला, "तुला डसली असती तर?" मग, "आता तरी फवारणी?" नाना म्हणाले, "टाकीखालचं पोळं काढ, माझी ना न्हाई. पण त्या लाल माशीचं, लालीचं घर आपल्याकडं हायच कुठं? फवारणार कुणावर?" बापलेकांत जुंपली. शेवटी ठरलं : पोळं माहीतगार माणसाकडून काढायचं, बाकी डॉक्टर म्हणतील तसं.

२८ ऑक्टो. लातूर
डॉक्टरांशी नानांनी मला बोलूच दिलं नाही. लाली कशी, काळी कशी, फरक काय, सगळं स्वतःच सांगितलं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. म्हणाले, फोटो आणलात हे फार बरं केलंत. पण या जातीवर नेमकी लस मिळेल का, सांगता येत नाही, विचारून बघतो. टाकीखालच्या माश्यांच्या विषाची लसही चालायची नाही कदाचित. रक्त घेतलंय. रिपोर्टला वेळ लागेल. तोवर इंजेक्शन खिशात, आणि सांभाळून.

म्हणजे अर्धंच कळलं.

संध्याकाळी विनयच्या खोलीवर चहा टाकला होता. नाना दिसेनात. बघते तर गॅलरीचं दार सताड उघडं आणि हे कठड्याला टेकून बाहेर. पूर्ण बाह्या, कानटोपी, खिशात इंजेक्शन. समोरच्या बुचाच्या झाडाकडे टक लावून.

ओरडणारच होते. त्यांनी मागे न बघता हात केला : "हळू ये. पिवळीजर्द हाय, पाय लोंबते सोडलेत. ही आपल्याकडची न्हाई. मोबाइल आण."