नव्या रागीची पोती

१७ नोव्हेंबर

होसकोट्याच्या शेतातून रागी – आपली नाचणी – आली. दोन पोती! गेल्या वर्षी त्याच मुरमाड एकरातून डबाभरसुद्धा मिळाली नव्हती. हे सकाळपासून मिशीतल्या मिशीत हसताहेत. 'बघ, मी म्हणत नव्हतो?' म्हणत होते खरं. बेळ्ळंदूरच्या आमच्या अपार्टमेंटच्या सांडपाणी प्लँटमधला गाळ – नाव कितीही शास्त्रीय दिलं तरी शेवटी तीनशे घरांचा संडास – फेब्रुवारीत तिथे चर खणून पुरला. कल्पना ह्यांची, कमिटीवरही हेच. मग कोण नाही म्हणणार?

पोती बाल्कनीत ठेवलीत. स्मृतीला पाचवा महिना आहे. माझ्या सुनेच्या ताटात हे जाणार नाही म्हणजे नाही.

१८ नोव्हेंबर

ह्यांनी नव्या रागीची भाकरी मागितली. जुन्या पिठाची करून वाढली. 'चवच वेगळी!' म्हणाले.

२१ नोव्हेंबर

खालच्या वॉचमनला सहज विचारलं, गाळ नेणारा टँकर कसा यायचा. म्हणाला, 'अर्धा भरूनच यायचा, अम्मा. आधी पीण्याला जाऊन यायचा.'

पीण्या! तिथे धातूंवर मुलामा चढवणारे छोटे छोटे कारखाने. त्यांचा गाळ कुठे जातो? ह्यांना विचारलं तर – 'तुला सगळीकडे चोरच दिसतात.' दिसतातच! बत्तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात मुलांवर नजर ठेवली, ती काय उगाच?

दोन मुठी रागी पिशवीत भरून यशवंतपूरच्या एका प्रयोगशाळेत देऊन आले. दहा-बारा दिवस लागतील. घरात कुणाला बोलले नाही.

२६ नोव्हेंबर

एकटीच शेतावर गेले. आप्पाजी आमचं शेत अर्ध्या वाट्याने करतो. निपाणीकडचा, आठ वर्षं झाली, बायको-पोरींसह तिथेच राहतो. घरात पाऊल टाकलं आणि बघते तर काय – त्याच्या वाट्याची पोती कोपऱ्यात शिवलेली, जशीच्या तशी! चुलीवर दुकानातला तांदूळ.

म्हणजे ह्या लोकांना माहीत आहे! टँकरमधून काय ओतलं ते आप्पाजीने डोळ्यांनी पाहिलं असणार. आम्हाला पोती पाठवायची आणि स्वतः बोट लावायचं नाही – वा रे इमानदारी! आप्पाजी बाहेर होता. त्याच्या बायकोला, पवित्राला, सरळच विचारलं, 'का गं, तुम्ही का खात नाही?'

ती लाजली. 'असं कसं खायाचं, अक्का? जमिनीच्या धन्यानं नवं खाल्ल्याबिगर आमच्यात कुणी तोंडात घालत न्हाई. पोरी रोज इचारत्यात. तुम्ही खाल्लासा का?'

इतकी शरम वाटली! काय काय मनात आणलं मी ह्या माणसांबद्दल. पोती बाल्कनीत पडून आहेत हे तिच्या तोंडावर सांगवेना. 'हो तर,' म्हणाले, 'गेल्या आठवड्यातच. छान आहे.'

धाकटीने उडीच मारली. पवित्राने माझ्यासमोर पोत्याची शिवण उसवली. 'मुद्दे करते, जेवूनच जावा.' रागीचे ते गरम गोळे टाळायला मी मंगळवारचा उपास सांगितला. मी मंगळवार कधीच धरलेला नाही.

२७ नोव्हेंबर

फोन करून 'थोडं थांबा' म्हणावं का? कारण काय देऊ? खोटं बोलले म्हणून सांगू? ह्यांचं नाव जाईल, माझंही. रिपोर्ट चांगलाच येईल. मीच मुलखाची संशयी.

२९ नोव्हेंबर

आप्पाजीचा ह्यांना फोन. पोरी दोन्ही वेळा मुद्दे मागतात म्हणे. हे खूश. मी भांडी घासत बसले.

२ डिसेंबर

रिपोर्ट आला. निकेल, क्रोमियम – दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर. खाली ठळक अक्षरांत: खाण्यास अयोग्य.

उभ्या उभ्या फोन लावला. पवित्राने उचलला. म्हटलं, रागी बंद कर, आत्ताच्या आत्ता, पोरींना देऊ नकोस, तीत विष आहे. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, 'अक्का, तुम्ही तर आमच्या आधीपासनं खाताय. तुम्हाला काय झालं न्हाई न्हवं?'