आडाचा रकाना

सोलापूर, मे १९७३, बुधवार संध्याकाळ

आज करकंबचा पाणी-अहवाल नेमका माझ्याच टेबलावर. अक्षर आबांचं, गावचे पोलीस पाटील माझे वडीलच ना! अशा लांबलचक मजकुरांतून विहिरी, पाणी, जनावरं एवढंच उचलायचं नि तक्त्यात भरायचं, हे माझं काम. साहेबांचं ठरलेलं, "बाई, आकडा नसेल ते लाल पेन्सिलीनं खोडा."

खोडत गेले. शेवटी आबांनी बोलतात तसंच लिहिलेलं: "आमच्या दारच्या आडाला सात फूट पाणी हाय, पण शेंदायला लेक हितं न्हाय."

लाल पेन्सिल तशीच हातात. हे सरकारला लिहिलं, की मला? पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज दिवसभर कानात.

तक्त्यात भरलं: आड एक, पाणी सात फूट.

लेक मीच खोडली.