दारं काढलेलं घर

१ फेब्रुवारी, शनिवार
आज बाबांना विश्रांतवाडीहून वारज्याला आणलं. आई गेल्यापासून तीन वर्षं एकटे राहतात. माझ्याकडे कायमचे या म्हटलं, तर म्हणाले, महिनाभर राहून बघतो. महिना पुरे आहे. बावीस वर्षं आर्किटेक्ट आहे मी, हौस म्हणून नाही.
२८ तारखेला प्रेमलाताई येणार. त्यांच्या ट्रस्टला म्हातारे आणि तरुण एकत्र राहतील अशी सस्टेनेबल इमारत बांधायचीय. मी म्हटलं, नकाशा कशाला, जिवंत मॉडेलच दाखवतो. म्हणून घरातली सगळी दारं काढली. दारं पिढ्यांना तोडतात. बाथरूमचं राहिलं, कारण भाग्यश्री त्याला पाठ लावून उभी राहिली. बायकोला व्हिजन नाही.
बाबांनी घर बघून विचारलं, काम कधी संपणार? म्हटलं, संपलं. त्यावर ते म्हणाले, अस्सं.
भारावले असावेत.

३ फेब्रुवारी, सकाळी ६
सेन्सरचे दिवे उत्तम चाललेत. तीन मिनिटं हालचाल नसली की बंद. बाबा पेपर वाचताना हलत नाहीत, ही त्यांची चूक. दर तीन मिनिटांनी चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखा हात वर करतात. म्हटलं, खांद्याला व्यायाम होतो. म्हणाले, डॉक्टर निदान विचारून व्यायाम देतात.
पोस्टमास्तर होते. आयुष्यभर खिडकीआडून लोकांना असंच बोलले.

६ फेब्रुवारी
जेवणाच्या बाकाखालीच खताचा ड्रम ठेवलाय. ओला कचरा घरात जिरतो आणि त्यावर तिन्ही पिढ्या शेजारी बसतात. आज बाबा म्हणाले, वास मात्र सगळ्यांना सारखा वाटलास, पंक्तिप्रपंच नाही केलास. चला, कौतुक तरी झालं.
तनुजा ताट घेऊन गॅलरीत गेली. माझ्या वीस वर्षांच्या लेकीला माती नको, पीत्झा हवा.

९ फेब्रुवारी, रविवार
बाथरूम पन्नास मिनिटं बंद. आत तनुजा इंटर्नशिपचा ऑनलाइन इंटरव्ह्यू देत होती. म्हणे घरात दुसरीकडे दार नाही. ती बाहेर आली, लगेच भाग्यश्री आत. बहिणीशी फोनवर बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते सांगितलं नाही.
संध्याकाळी बाबांनी दारावर वेळापत्रक चिकटवलं. स्नान, अभ्यास, फोन, आणि ४ ते ४.३० भाग्यश्री, ‘काही नाही’. रहिवाशांनी आपणहून व्यवस्था उभारली! फोटो काढून प्रेझेंटेशनमध्ये टाकला.
माझं नाव नव्हतं त्यात. मला अडचणच नाही ना.

१३ फेब्रुवारी
बाबा दोनदा म्हणाले, जरा बस रे. म्हटलं, बसतोच, हे एवढं ड्रॉइंग संपवतो. हॉलमध्ये ‘गप्पांचा कट्टा’ करायचाय, त्याचंच डिटेल चाललं होतं. कट्ट्याची उंची गुडघ्यांना सोसेल अशी, पाठीला उतार, सगळं बाबांच्या मापाचं. त्यांनाच उठवून पोटरी मोजली. मग ते खिडकीशी जाऊन बसले. उद्या नक्की बसायचं.

१४ फेब्रुवारी
जमलं नाही. सुतार आला होता.

१७ फेब्रुवारी
फितुरी! मी कट्ट्यासाठी बोलावलेला सुतार, संजय, त्याच्याकडून बाबांनी परस्पर अडगळीच्या खोलीला फळीचं दार आणि कडी लावून घेतली. आतून बाबा आणि तनुजा खिदळत होते. दार वाजवलं. बदाम सात चाललंय, नंतर ये, म्हणाली.
कडी लावून? मग ओपन-प्लॅनचं काय? बाबांना म्हटलं, ही खोली माझ्या नकाशात नाही. म्हणाले, म्हणूनच बरं वाटतं इथं बसायला.
गैरसमज आहे, निघेल.

२१ फेब्रुवारी
बाबा स्वेटर आणायला विश्रांतवाडीला गेले. पस्तीस डिग्रीत. तनुजा सोडायला गेली. सोबत दोन बॅगा होत्या. स्वेटर जड असतात.

२५ फेब्रुवारी
दोघंही अजून आलेली नाहीत. आज भाग्यश्रीही डबा घेऊन गेली, रात्री तिकडेच राहते म्हणाली. घरात हवा मात्र काय सुंदर खेळतेय! एवढं क्रॉस-व्हेंटिलेशन माणसं असताना मिळत नव्हतं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
प्रेमलाताई आल्या. घर पाहिलं, कट्टा पाहिला आणि विचारलं, राहणारे कुठं आहेत? तात्पुरते बाहेर आहेत म्हटलं. कुठं, म्हणाल्या. त्या सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. शेवटी गाडीत घालून विश्रांतवाडीला नेलं.
दोन खोल्यांचा जुना फ्लॅट. तनुजाचं दार बंद, अभ्यास. बाबांचं अर्धं उघडं. चहाचा वास आला तशी ती आपणहून बाहेर आली आणि बाबांच्या बशीतलं बिस्कीट उचललं. कालच्या लेक्चरचं काहीतरी सांगत होती. माझ्याकडे असताना हिला कॉलेजबद्दल विचारलं, की ‘ठीक’.
प्रेमलाताईंनी विचारलं, डिझाइन कोणाचं? बाबा म्हणाले, बिल्डरचं. दारं त्यानंच लावून दिली होती.
बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या घरी वही पर्समधून काढलीसुद्धा नव्हती.

२ मार्च, रविवार, सकाळी १०
भाग्यश्री परत आली. येताना गाडीच्या टपावर बेडरूमचं दार बांधून आणलं, काढलेली दारं ठेवली होती त्या सुताराच्या वखारीतून. उतरवायला मी हात लावला.
ट्रस्टचा निरोप: काम मलाच, पण सगळ्या खोल्यांना दारं. माझंही हळूहळू तेच मत होत होतं.
बाबांना फोन केला. म्हटलं, दारं बसवतोय, खताचा ड्रम गच्चीवर टाकतो, दिव्यांना साधी बटणं लावतो, आता परत कधी येताय? म्हणाले, आलो होतो की वीस दिवस. तुझी काही गाठ पडली नाही.
लागलं. खरंच लागलं. मग परत फोन लावला आणि म्हटलं, आज मी येतो, काम नाही, नुसता बसायला. बाबा एकदम म्हणाले, जेवायलाच ये, पिठलं करतो. आवाज केवढा वेगळा होता त्यांचा.

दुपारी १२
प्रेमलाताईंना दारांसकट नवा नकाशा उद्या सकाळीच हवाय. बाबांना फोन करून सांगितलं, पुढच्या रविवारी बघतो. म्हणाले, बरं.
समजूतदार आहेत.