स्त्री क्रमांक सात

सर, आपल्या अभ्यासाच्या कार्यक्रमात माईकची वायर सोडवता सोडवता कॉलेजचा शिपाई थांबला आणि पडद्याकडे बघत राहिला, तेव्हा माझं सगळं बदललं. पडद्यावर मी लावलेलं वाक्य होतं. "त्यो आयला का घरान पावना आल्यावानी वाटतं गो. गेला का दोन घास सुखाचं जातान." खाली नाव नव्हतं, नंबर नव्हता, नुसतं 'स्त्री क्रमांक सात, मिठागर कामगार'. शिपायाने ते दोनदा वाचलं, वायर टाकली आणि निघून गेला. ती त्याची भावजय होती. पेणच्या खाडीकडच्या ज्या गावात आपला अभ्यास चालला होता, तिथे मिठागरावर जाणारी आणि नवरा आखातात असलेली बाई एकच. संध्याकाळपर्यंत तिचा फोन दिराने काढून घेतला होता.

तुम्ही जाऊन पाच वर्षं झाली. आज काकूंनी मला तुमच्या वरसे गावातल्या घरी बोलावलंय. तुमची खोली धाटावच्या कारखान्यातल्या एका कामगाराला भाड्याने द्यायचीय, त्याआधी तुमचा कॉम्प्युटर पुसून कोरा करून हवाय. रोह्यात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे ना, म्हणून मी. फाइली पुसल्या जातायत तोवर तुमच्याच टेबलावर तुमच्याच कोऱ्या कागदांवर लिहितोय.

याच टेबलावर तुम्ही म्हणाला होतात, इंटरनेटचा सातबारा कुठल्याच विभागाच्या नावावर नाय. म्हणून बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अभ्यासात तुम्ही सगळी मिसळ केलीत. मेसेज मोजायला मी, कॉम्प्युटरवाला. गावात जाऊन बायकांशी बोलायला, ते रेकॉर्ड करायला, त्यांची परवानगी घ्यायला ती, समाजशास्त्राची. आणि रेकॉर्डिंगमधली, व्हॉइस मेसेजमधली बोली कागदावर उतरवायला मराठीचा तो पोरगा. नियम एकच घातलात, ज्याचं बोलणं आहे त्याला आधी वाचून दाखवायचं, मग पडद्यावर. मला तो नियम म्हणजे बाईमाणसांचं काम वाटायचं. माझा प्रोग्राम नावं आणि नंबर पुसत होता, अजून काय पाहिजे?

ती आणि तो मराठीवाला एकच हेडफोन वापरायचे. एक कान तिचा, एक त्याचा. बोली ऐकायची म्हणून एवढं चिकटून बसावं लागतं का? मी समोर बसून मेसेज मोजायचो. किती वाजता किती, कोणाचे किती. माझ्याकडे सगळे आकडे होते, आणि ती हसायची मात्र त्याच्या कानाशी.

कार्यक्रमाच्या सकाळी दोघं मिळून माझ्याकडे आले. ती म्हणाली, "हे वाक्य काढ, बोलण्यावरून ओळखतील तिला." तो मान हलवत होता. एकटी आली असती तर काढलं असतं. दोघं आले म्हणून ठेवलं, आणि अक्षर मोठं केलं.

प्राचार्यांसमोर तुम्ही सांगितलंत, चूक माझी, मी वाचून घेतलं नाही. मग मला या खोलीत आणलंत आणि दार लावून घेतलंत. "तुला मोजता येतं, ऐकता येत नाय. जा, मोबाईल दुरुस्त कर." मीही सोडलं नाही. म्हटलं, "सर, तिचं बोलणं तुम्हीपण शोधनिबंधात छापणारच होतात. मी फक्त आधी लावलं." तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात. ते मला तेव्हा फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलो नाही. तुम्ही अभ्यास बंद केलात आणि त्याच वर्षी गेलात. अंत्ययात्रेला ती आली होती, त्याच्याबरोबर. माझ्याकडे बघितलंही नाही.

स्त्री क्रमांक सातचं पुढे काय झालं, मला माहीत आहे. तिचा फोन माझ्याच दुकानात आला होता, दिराने आणलेला. स्क्रीन बदलून मुलीला द्यायचाय म्हणाला. मी बदलून दिला. चालू करून बघितला, तर त्या ग्रुपमध्ये त्या दिवसानंतर तिचा एकही मेसेज नव्हता. हे मोजायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्या दिवशी मी या खोलीतून निघताना तुम्ही शेवटचं एकच विचारलं होतंत, सगळी रेकॉर्डिंगं पुसलीस ना. मी व्हय म्हटलं. एक ठेवलंय. त्याच बाईचं. बाईचं बोलणं संपतं तिथे शेवटी आपल्या समाजशास्त्राच्या पोरीचा आवाज आहे, "मावशी, आता बंद करते हं." तेवढ्यासाठी बाईचं सगळं पुन्हा ऐकावं लागतं. ऐकतो.

काकू चहाला हाक मारतायत. तुमचा कॉम्प्युटर कोरा झाला, माझा फोन नाही. कागद घडी करून खिशात घालतोय. बाहेर पडतो, दार लावून घेतो.