जाळीच्या कपाटाची स्प्रिंग

अहो,

लग्नाला सत्तावीस वर्सं झाली, पण तुमास्नी पत्र लिवायची पाळी कधी आली न्हाय. टॅक्सी घेऊन गेलासा कुठं, तर शिरोळ न्हायतर कोडोली; सांजच्याला घरात. आता गेलासा त्याला सहा महिनं झालं. आज आपली गाडी दुसऱ्यांदा पासिंगला गेलती. त्यात माझी एक चूक झालीया. आपल्या सुनीलला सांगायचा धीर होत न्हाय, म्हणून तुमास्नी सांगतो.

दर वर्सी पासिंगच्या आठ दिवस आधीपास्नं तुमचं काय चालायचं! प्लग साफ कर, सायलेन्सर काढून काजळी झटक. मग मागं पांढरा रुमाल धरायचा आणि मला हाक मारायची, "शालन, बघ गं, काळं आलं का?" मी म्हणायचो, रुमाल कोण धुणार, तुमचा पासिंगचा सायेब?

यंदा समदं पोरानं एकट्यानं केलं. मी चहा घेऊन गेलो, तर बॉनेट उघडं. आणि आत काय दिसावं? माझ्या जाळीच्या कपाटाची स्प्रिंग! दोन वर्सांमागं तुमी माझ्या तोंडावर सांगितलंसा, "तुटली, टाकून दिली." तवापास्नं कपाटाचं दार लागत न्हाय आणि शेजारचं मांजर रोज दुधात तोंड घालतंय. एवढं खोटं, अहो? माझ्याशी?

मी लई चिडलो! सुनील रॉकेल आणायला गेलता. पक्कड घेतली, स्प्रिंग काढली आणि कपाटाला लावली. दार कसं गच्च बसलं! खरं सांगतो, तुमास्नी भांडणात हरवल्यागत वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी गाडी नापास. काळा धूर, नुसता भकाभका. सायबानं आठ दिवसांनी परत आणा म्हणून सांगितलं. सुनील पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, मोडीत घालूया. आबांच्या हातालाच चालायची ती." तुमची गाडी मोडीत? आणि पोरानं मग पोटाला काय करायचं?

मग रफिक मिस्त्री आलं. वाकून बघितलं आणि म्हणालं, "वहिनी, चोक माघारी जात न्हाय, पेट्रोल जास्त जातंय, म्हणून धूर. हितं तुमच्या मालकानं एक स्प्रिंग अडकवलेली. कुठं गेली?" मिस्त्रीच पुढं हसून म्हणालं, "नवी घे म्हटलं तर ऐकायचा न्हाय. म्हणायचा, असला ताण दुसऱ्या कशाला न्हाय. पण तुझ्या वहिनीला कळलं तर मला घरात घ्यायची न्हाय."

मी आत गेलो, स्प्रिंग काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी स्प्रिंग बघितली, उघडं पडलेलं कपाट बघितलं. सुनीलला कळायच्या आत जाऊन ती चोकला अडकवली. भला माणूस.

आज गाडी पास झाली. सुनीलनं पेढं आणून तुमच्या फोटोम्होरं ठेवलं. पोरगं हसलं, किती दिवसांनी!

पण मी माझा पेढा तसाच ताटलीत ठेवला. तुमची ती शेवटची सकाळ आठवली. मांजरानं दूध सांडलं, म्हणून तुमास्नी कोरा चहा दिला आणि वर ऐकवलं, "घरातलं एक दार धड करता येत न्हाय तुमास्नी!" तुमी कप रिकामा केलासा, "झ्याक झालाय की चहा," म्हणालासा आणि गाडी काढलीसा. दुपारी शिरोळास्नं दुसऱ्यांनी तुमास्नी आणलं. शेजारनं अर्धा कप दूध मागून आणलं असतं तर माझं काय गेलं असतं?

आणि तुमी तरी! एकदा खरं बोलायचं हुतं की. दिवसभर आरडाओरडा केला असता, सांजच्याला जेवायला वाढलंच असतं. कवा उपाशी ठेवलं मी तुमास्नी?

सुनील कपाटाला नवी स्प्रिंग आणतो म्हणत हुता. मी नको म्हटलं. तुमची स्प्रिंग आता गाडीतनं कुणी काढणार न्हाय, हा माझा शब्द. आणि रोज दूध तापलं की पयला कप चहा तुमच्या फोटोम्होरं, दुधाचा, साय घालून.

दार ऱ्हाऊ दे तसंच उघडं. उरलेलं मांजरानं प्यालं तर पिऊ दे.

तुमची भांडकुदळ,
शालन