काचेवरचं शेपूट

८ डिसेंबर

लिही. नातीनं वही आणलीय. सुट्ट्या लागेपर्यंत रोज एक गोष्ट सांगायची, जिच्यामुळे बरं वाटलं. मी म्हटलं, अगं, मला अक्षर येत नाही. म्हणे, आजी, तू बोल, आई लिहील. म्हणजे मी बोलायचं, सुनेनं लिहायचं, आणि वही म्हणे माझी खासगी!

तर आजची गोष्ट — सुनेचं अक्षर. वाचता येत नाही, पण ओळ सरळ आहे की वाकडी, हे मला नाही कळणार तर कुणाला? बेचाळीस वर्षं पेंटरची बायको आहे. दुकानांच्या पाट्या, काचा — हे खडूनं अक्षरं आखतात, मी आत रंग भरते. हजारो अक्षरं भरली, एकाशीही ओळख नाही. सून हसतेय. हसू नकोस, ओळ वाकडी होईल.

९ डिसेंबर

आज गुडघा दुखला नाही. गुडघ्याचे आभार. संपलं.

११ डिसेंबर

सजावटीचा हंगाम सुरू! सुट्ट्यांच्या आधी सगळ्या दुकानांना काचेवर चांदण्या, पानांची वेल आणि शुभेच्छा लागतात. आज बेकरी. खडू लावलेल्या दोरीचं एक टोक ह्यांनी धरलं, एक मी. मध्ये ताणून सोडली की काचेवर सरळ रेघ. त्यावर ह्यांनी अक्षरं आखली, मी लाल भरली. वेल त्यांनी स्वतः रंगवली. शेवटी खालच्या कोपऱ्यात मी शेपूट काढलं. ते दर वेळी असतं — दोन वळणं, एक उभी रेघ, वर आडवी रेघ. लग्नानंतर पहिल्याच काचेवर विचारलं होतं, हे कशाला? म्हणाले, सही आहे. तेव्हा आखून द्यायचे. आता मीच ओढते, झोपेतसुद्धा जमेल.

मागे सरून बघते तर — सगळी वेल निळी!

"अहो, पानं निळी?"

"नवीन फॅशन आहे."

बेकरीवाली भली बाई. म्हणाली, "थंडीनं पानंसुद्धा निळी पडली वाटतं!" आणि हातात गरम पाव ठेवला. पावाचे आभार. बेकरीवालीचे त्याहून जास्त.

१२ डिसेंबर

टेलरचीही पानं निळी. टेलर भला नाही. म्हणाला, "आजोबा, पुढच्या वर्षी तयार स्टिकरच आणतो." ह्यांनी चक्क मान डोलावली. तेच वाईट. आजची बरी गोष्ट सापडली नाही. उधार ठेव.

१४ डिसेंबर

आज मी दोन डबे समोर धरले. "ह्यातला हिरवा कुठला?" म्हाताऱ्यानं झाकणांचा वास घेतला! मग म्हणे, उजेड कमी आहे. मग म्हणे, शिडी हलते. नाचता येईना अंगण वाकडं! मी डबे तसेच धरून उभी. शेवटी स्टुलावर बसले आणि बोलले. वर्ष झालं, डोळ्यांपुढे धुकं आहे.

"मुलाला कळलं तर ब्रश काढून घेईल. मग मी दिवसभर काय करू? तुझ्याकडे बघत बसू? तेही धड दिसत नाही."

शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मी कुणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगितलंय, वही खासगी आहे. आता लिहिणारीला कान असले तर त्याला मी काय करणार?

१६ डिसेंबर

नवलच! डोळ्यांच्या डॉक्टरबाईंचा निरोप आला, दवाखान्याची काच सजवून हवीय. आजवर कधी चांदणी लावली नाही त्या बाईनं! हे म्हणाले, "नाही म्हणून सांग." मी म्हटलं, "हो म्हणून सांगून झालंय." सून मान खाली घालून लिहितेय. अक्षर आज फारच सुरेख काढतेय.

१७ डिसेंबर

डॉक्टरबाई आत खुर्ची टाकून चहा पीत बसल्या, काचेतून बघत. ह्यांनी अक्षरं आखली, वेल आखली. हात अजून पक्का आहे हो! पण दुसरं पान निळं झालं आणि बाई कप ठेवून बाहेर आल्या, ह्यांना आत नेऊन डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. म्हणाल्या, "घाबरू नका. ऑपरेशन झालं की पान हिरवं दिसेल आणि बायकोही दिसेल."

हे म्हणाले, "बायको आवाजावरून कळते."

एकोणतीस तारीख दिलीय. तोवर शिडीवर पाय ठेवायचा नाही. घरी येताना मला विचारलं, "कुणी सांगितलं त्यांना?" मी म्हटलं, "वहीनं."

आज आभार लिहिणारीच्या कानांचे. तोंडावर म्हणायला जीभ जड होते, म्हणून वहीत. लिहिलंस? खरंच लिहिलंस ना? माझं सगळं विश्वासावर चाललंय बाई.

१८ डिसेंबर

हे रुसून बसलेत. जेवताना एकदाच बोलले — "अर्धी काच आयुष्यात कधी सोडली नाही. डोळ्यांचं काही चुकलं तर शेवटची काच अर्धी राहील." मुलगा ताट घेऊन उठला. मी रंगाचे डबे उघडून बघितले. हिरवा पुरेल.

१९ डिसेंबर

सकाळी सुनेला म्हटलं, चल, दवाखान्याची काच पुरी करू. तिनं शिडी धरली, मी चढले. गुडघ्याला सांगून ठेवलं होतं, आज कुरकुर नको. हे मागे फूटपाथवर स्टूल टाकून बसले. "अगं, डावीकडचं राहिलं!" दिसत नाही, तरी हुकूम चालू! निळी पानं पुसली, सगळी हिरवी केली. अक्षरं भरली. मग खाली उतरून, न आखता, कोपऱ्यात शेपूट ओढलं.

सुनेच्या हातून रंगाचा डबाच पडला. "आई! तुम्हाला तर अक्षर येत नाही ना?"

म्हटलं, आधी रंग पूस, मग आश्चर्य कर.

२० डिसेंबर

ते शेपूट म्हणजे माझं नाव आहे!

सुनेनं वाचून दाखवलं. सगळ्या गल्लीला माहीत. त्यांना वाटायचं, हेच लिहितात आणि माझं नाव आहे हे मला ठाऊकच असेल. मला पेंटरीणबाई, आई, आजी — नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. हे तर तोंडानं 'अगं'च्या पुढे कधी गेलेच नाहीत. आज धरलंच त्यांना.

"सांगितलं होतं की, सही आहे. कुणाची, ते तू विचारलं नाहीस."

"पण काच तुमची —"

"माझा खडू पुसला जातो. राहतो तो रंग."

सूनबाई, थांब. आज खाली तू काही लिहू नकोस. पेन इकडे दे.